आवाज मोकळा, नाव मालकीचं

आमच्या होस्टेलमध्ये कुठल्याही सॉफ्टवेअरची किंमत विचारा, उत्तर एकच येतं. "किंमत कसली? लिंक आहे ना!" सर्किट सिम्युलेटर असो, फोटो एडिटर असो, नाहीतर गाणी मिक्स करायचं सॉफ्टवेअर असो, आपल्याकडे सगळा माल 'लिंक' भावाने मिळतो. त्यामुळे आपणच बनवलेलं एखादं सॉफ्टवेअर विकायचा विचार मनात आला की कशी पंचाईत होते, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी मूळची कॉन्व्हेंटवाली. दहावीनंतर मराठीत एवढं सलग पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची! विषय आमच्या ब्रँचचा आहे आणि थोडा कोर्टकचेरीचाही. जुन्या रेकॉर्डिंग स्टुडिओतली यंत्रं, म्हणजे कॉम्प्रेसर, इक्वलायझर, सिंथेसायझर, आज सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उभी करून विकली जातात. त्यांना प्लग-इन म्हणतात. दुसऱ्याच्या यंत्राचा आवाज आपण कोडमध्ये उतरवला आणि विकला, तर ती चोरी की अभ्यास? हा प्रश्न थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टमुळे आमच्या गळ्यात पडला.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६० च्या दशकात टेलेट्रॉनिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीचा एल.ए.-२ए हा कॉम्प्रेसर आला. गायकाचा आवाज अचानक चढला की तो खाली आणायचा, एवढंच त्याचं काम. पण करतो कसा? आत विजेवर उजळणारी एक पट्टी आहे आणि तिच्यासमोर प्रकाशाने रेझिस्टन्स बदलणारा घटक. आवाज वाढला की पट्टी उजळते आणि गेन आपोआप कमी होतो. गंमत म्हणजे उजेड गेल्यावरही तो घटक लगेच भानावर येत नाही, रेंगाळतो. या रेंगाळण्यावरच साउंड इंजिनिअर लोक फिदा आहेत. फेअरचाइल्ड ६७० नावाच्या दुसऱ्या यंत्रात तर २० व्हॉल्व्ह आहेत आणि वजन जवळपास ३० किलो. या यंत्रांचे जुने नग मिळाले तर लाखो रुपयांना मिळतात. तेच वागणं गणितात बांधून कंप्युटरवर दिलं, की काही हजारांत कुणालाही घेता येतं. धंदा आहे तो इथे.

आम्ही चौघं. मी, माझी रूम पार्टनर, एक नाशिककर आणि एक मिरजकर. आम्ही निवडलं रोलंड या जपानी कंपनीचं टी.बी.-३०३. हे छोटं चंदेरी यंत्र १९८१ मध्ये आलं. गिटार वाजवणाऱ्याला घरी सराव करताना बेसची साथ मिळावी, हा हेतू. पण बेस गिटारसारखा आवाज काही येईना, लोकांनी घेतलं नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद झालं. नंतर सेकंडहँड दुकानांत पडून असलेली ही यंत्रं शिकागोच्या पोरांनी स्वस्तात उचलली, बटणं वाटेल तशी पिळली, आणि १९८७ मध्ये फ्यूचर या ग्रुपच्या 'ॲसिड ट्रॅक्स'मधून ॲसिड हाउस नावाचा संगीतप्रकारच जगासमोर आला.

खरं ३०३ आमच्या कॉलेजात कुठून येणार? आम्ही लॅबमध्ये ब्रेडबोर्डवर डायोड लॅडर फिल्टर जोडलं. फंक्शन जनरेटरने सिग्नल दिला, डी.एस.ओ.वर आउटपुट नोंदवलं आणि मग समीकरणं मांडून कोड लिहिला. डायोड सरळ रेषेत वागत नाही, म्हणून हायपरबॉलिक टॅनजंट आलं. फीडबॅकमध्ये एका सॅम्पलचा उशीर झाला तरी सूर सरकतो, म्हणून प्रत्येक सॅम्पलला समीकरण सोडवावं लागलं. आणि हे सेकंदाला ४४,१०० वेळा! वरून एलियसिंग नको म्हणून ओव्हरसॅम्पलिंग. शेवटी एका रात्री हेडफोनमधून तो चिरका, किंचाळणारा आवाज आला आणि माझी रूम पार्टनर चक्क पलंगावर उभी राहून नाचली.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये नाशिककर म्हणाला, "विकूया! नाव 'टी.बी.-३०३ देशी', किंमत ४९९ रुपये." मिरजकर म्हणाला, "अरे, नोटीस येईल." नाशिककर म्हणाला, "आपण काय त्यांचं सर्किट चोरलं का?" आमटी थंड झाली, भांडण नाही. तेव्हा आम्ही गाइड मॅडमकडे गेलो. मॅडमनी कागदावर चार खाने आखले आणि म्हणाल्या, "एकेक भरून आणा, मग बोलू."

खाना पहिला, पेटंट. यंत्र कसं चालतं याची ही मक्तेदारी, पण मुदतीची. आपल्याकडे अर्ज केल्यापासून २० वर्षं. रॉबर्ट मूग यांच्या प्रसिद्ध लॅडर फिल्टरला अमेरिकेत १९६९ मध्ये पेटंट मिळालं. तेव्हा तिथे मंजुरीपासून १७ वर्षांची मुदत होती, म्हणजे १९८६ मध्ये विषय संपला. मुदत चालू असताना ए.आर.पी. या स्पर्धक कंपनीने तसंच फिल्टर वापरलं होतं, तेव्हा त्यांना ते बदलून स्वतःचं नवं सर्किट आणावं लागलं. आज तेच फिल्टर कुणीही बनवू शकतं. १९८१ च्या यंत्राचंही तसंच. म्हणजे पहिला खाना मोकळा. हो, आणि आपण आपल्या कोडवर पेटंट घेऊ का? तर भारताच्या पेटंट कायद्यातलं कलम ३(के) सांगतं की गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता कंप्युटर प्रोग्राम यांना पेटंट नाही. नाशिककरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

खाना दुसरा, कॉपीराइट. आमच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या, "शेजारणीची वही वाचलीस तरी चालेल, पण उत्तर तुझ्या शब्दांत हवं." मला वाटतं, कॉपीराइटचा अर्धा कायदा या वाक्यात बसतो. कल्पनेवर हक्क नाही, मांडणीवर आहे. सर्किटचं चित्र ही मांडणी. विजेने त्यातून कसं वाहायचं, हे काही कुणाचं लिखाण नव्हे. इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये मॅकी विरुद्ध बेरिंगर असा खटला झाला. मिक्सर बनवणाऱ्या मॅकीचं म्हणणं, बेरिंगरने आमचं सर्किट उचललं. न्यायालयाने सांगितलं की सर्किटचा आराखडा हा तिथल्या कायद्याप्रमाणे डिझाइनचा दस्तऐवज आहे आणि त्यावरून बोर्ड बनवणं हा कॉपीराइटचा भंग नाही. हा निकाल इंग्लंडच्या कायद्यातल्या एका कलमावर उभा आहे, तो जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. पण विचाराची दिशा कळते.

कोडचं मात्र वेगळं आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात कंप्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. कथा-कादंबरीच्या शेजारी आमचा सी प्लस प्लस! म्हणून ज्या जुन्या यंत्रांच्या पोटात चिप आणि प्रोग्राम आहे, त्यांची नक्कल करताना तो प्रोग्राम उचलून चालत नाही. ॲक्सेस व्हायरस या सिंथेसायझरच्या आतली मोटोरोलाची चिप काही लोकांनी सॉफ्टवेअरमध्ये उभी केली आहे. पण त्यांच्या प्लग-इनबरोबर यंत्रातला मूळ प्रोग्राम येत नाही. तो वापरणाऱ्याने आपला आणायचा. एवढी बारीक रेघ आहे ती. आमच्या फिल्टरमध्ये फक्त डायोड आणि कपॅसिटर, तेव्हा हा खानाही मोकळा.

खाना तिसरा, ट्रेडमार्क. इथे गाडी अडली. पेटंट म्हातारं होऊन मरतं. ट्रेडमार्क आपल्याकडे दर १० वर्षांनी नूतनीकरण करत गेलं की कितीही वर्षं जगतो. म्हणून बाजारात नावांची काय मजा चालते बघा. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने हॅमंडच्या बी-३ ऑर्गनची नक्कल काढली, तिचं नाव बी-४! वेव्ह्ज कंपनीने ११७६ या कॉम्प्रेसरची नक्कल ख्रिस लॉर्ड-आल्गी या नामांकित मिक्स इंजिनिअरच्या आद्याक्षरांनी काढली, सी.एल.ए.-७६. गिटार ॲम्प्लिफायरच्या नकला करणाऱ्या लाइन ६ च्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की ही नावं त्या त्या मालकांची आहेत आणि आमचा त्यांच्याशी संबंध नाही. दुसरा रस्ता सरळ परवानगीचा. सॉफ्टट्यूबचं ट्यूब-टेक सी.एल.-१बी मूळ कंपनीच्या संमतीने निघालं. आर्टुरियाचं मूग मॉड्युलर व्ही २००३ मध्ये खुद्द बॉब मूग यांच्या सहकार्याने आलं. परवानगी घेतली तर पैसे द्यावे लागतात, पण नाव मिळतं, आणि बऱ्याचदा मूळ इंजिनिअरचे कानही मिळतात. युनिव्हर्सल ऑडिओची तर तऱ्हाच न्यारी. बिल पटनम यांनी १९५८ मध्ये काढलेली ही कंपनी त्यांच्या मुलांनी १९९९ मध्ये पुन्हा उभी केली, आणि ती एल.ए.-२ए चं खरं यंत्रही विकते आणि त्याचं प्लग-इनही.

खाना चौथा, रूप. यंत्राचा चेहराही ओळखीचा असतो. २००५ मध्ये रोलंडने बेरिंगरवर दावा लावला. आमच्या बॉस ब्रँडच्या पेडलसारखी तुमची पेडल दिसतात, अशी तक्रार. प्रकरण आपसात मिटलं आणि बेरिंगरने पेडलचं रूप बदललं. आतलं सर्किट हा तिथे वादाचा मुद्दाच नव्हता, मुद्दा डब्याचा होता.

चारही खाने भरल्यावर आम्हाला आमच्याच ३०३ ची गोष्ट नीट समजली. स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीने १९९० च्या दशकात 'रीबर्थ' नावाचं सॉफ्टवेअर काढलं होतं. दोन ३०३ आणि रोलंडचंच ८०८ हे ड्रम मशीन, सगळं कंप्युटरच्या पडद्यावर. पडद्यावरचं रूपही मूळ यंत्रांची लगेच आठवण करून देणारं. २००५ मध्ये त्यांनी ते बंद करून फुकट देऊन टाकलं आणि २०१० मध्ये आयपॅडवर पुन्हा आणलं. जून २०१७ मध्ये मात्र ते काढून घ्यावं लागलं, कारण यामुळे आमच्या बौद्धिक संपदेचा भंग होतो असं रोलंडने कळवलं. मधल्या काळात काय झालं होतं? २०१४ मध्ये रोलंडने स्वतःच ३०३ चा डिजिटल अवतार, टी.बी.-३, बाजारात आणला होता. मला यात धंद्याचा साधा हिशोब दिसतो. घरातली अडगळ शेजाऱ्याने वापरली तर कुणी बोलत नाही, पण तिचंच दुकान आपण उघडलं की शेजाऱ्याची पाटी डोळ्यात खुपते.

माझी रूम पार्टनर चिडली. "ही कुठली रीत? यंत्र चाललं नाही म्हणून कंपनीने बंद केलं. त्याला किंमत आणली ती वाजवणाऱ्यांनी. आणि नाव मात्र कंपनीचं?" तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, कारण वाजवणाऱ्यांत एक मुंबईकरही आहे. चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे कलाकार. १९८२ मध्ये त्यांनी ३०३, ८०८ आणि ज्युपिटर-८ ही रोलंडची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एच.एम.व्ही.ने काढलेली ही रेकॉर्ड तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशात लोक चक्रावले. शिकागोच्या पाच वर्षं आधी असा आवाज मुंबईत? चरणजितजी २०१५ मध्ये गेले. ३०३ च्या आवाजात तदाओ किकुमोतो या रोलंडच्या इंजिनिअरचं डोकं आहे, शिकागोच्या पोरांचा खट्याळपणा आहे आणि चरणजितजींचे रागही आहेत. यातला 'मालक' नेमका कोण? म्हणूनच कायदा आवाज कुणाच्या नावावर चढवत नाही, हे मला शहाणपणाचं वाटतं.

नावाचं काय, हे मात्र मिरजकरने आम्हाला समजावलं. तो एरवी कमी बोलतो. म्हणाला, "तानपुऱ्याचा विचार करा." आपल्या गाणं शिकणाऱ्या घरांतून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा कित्येक वर्षं आहे, आता तर मोबाइलवर ॲप आहे. ही तानपुऱ्याची नक्कलच. तिने कुणाचं वाईट झालं असं मिरजेत कुणी म्हणत नाही. रोज पहाटे खऱ्या तारा जुळवायला सगळ्यांना कुठे जमतं? "पण उद्या कुणी परदेशात बसून कुठलाही भोपळा न बघता 'मिरज तानपुरा' अशी पाटी लावून विकायला लागला, तर?" मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जी.आय. मिळालं. ते षड्जावर नाही, जव्हारीवर नाही. मिरजेत, तिथल्या कारागिराच्या हातून झालेल्या वाद्याच्या नावावर आहे. सूर जगाचा, नाव त्या गल्लीचं. आपल्या गल्लीला जो न्याय मागतो, तोच जपानच्या कंपनीलाही द्यायला नको का?

त्यानंतर 'टी.बी.-३०३ देशी' हे नाव आपोआप बारगळलं. नाशिककरनेच नवं नाव काढलं, 'आंबट'. ॲसिडचं शुद्ध मराठी! पडद्यावरचं रूप चंदेरी ठेवलं नाही. मेसच्या कप्प्यांच्या ताटासारखं केलं, प्रत्येक कप्प्यात एक बटण.

आता विकायचं की नाही? इथे मॅडमनी पाचवा खाना आखला. "प्रोजेक्ट कॉलेजच्या लॅबमध्ये, कॉलेजच्या डी.एस.ओ.वर झालं. हक्क कुणाचा?" हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मॅडमनी स्टॅनफर्डचं उदाहरण दिलं. तिथल्या जॉन चाउनिंग यांनी एफ.एम. पद्धतीने सूर बनवायची रीत शोधली. पेटंट विद्यापीठाकडे होतं, १९७७ चं. यामाहाने लायसन्स घेतलं, १९८३ मध्ये डी.एक्स.-७ आलं, आणि विद्यापीठाला त्यातून दोन कोटी डॉलरहून जास्त मिळाले. आपल्याकडेही बऱ्याच संस्थांचं बौद्धिक संपदेचं धोरण असतं. विकायला निघण्याआधी ते वाचावं आणि कोणाचा किती वाटा हे लेखी घ्यावं. स्टाफपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. प्रोजेक्ट देतानाच यावर एक तास घ्या, पोरांचं नंतरचं भांडण वाचेल.

आणि शेवटी ती 'लिंक'. 'आंबट' विकायचं ठरलं तर ते दोन दिवसांत क्रॅक होऊन ग्रुपवर येईल, हे आम्ही चौघंही जाणतो. "मोठ्या कंपनीचं घेतलं तर काय बिघडतं?" हा होस्टेलचा आवडता युक्तिवाद. कंपन्या काही संत नाहीत, हेही खरं. मार्च २०२३ मध्ये वेव्ह्जने एकाएकी जाहीर केलं की यापुढे प्लग-इन विकत मिळणार नाहीत, फक्त वर्गणीवर. गिऱ्हाइकांनी एवढा ओरडा केला की काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला. खरं यंत्र घेतलं की ते आपलं, विकता येतं, नातवाला देता येतं. सॉफ्टवेअरचं आपल्याकडे फक्त लायसन्स असतं. हा राग रास्त आहे. पण त्यावर उपाय म्हणून आपल्याकडे पुरेसे सरळ रस्ते आहेत. फुकट आणि ओपन सोर्स प्लग-इन भरपूर आहेत. आवाज मोकळा असल्यामुळे स्वतः बनवायलाही कुणाची आडकाठी नाही. उलट क्रॅक वापरताना आपण उचलतो तो नेमका दुसऱ्याचा कोड, म्हणजे जो खाना बंद आहे तोच. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे. पण मला शिक्षेपेक्षा दुसरीच गोष्ट लागते. त्या कोडमागे कुणीतरी आमच्यासारखंच टॅनजंट सोडवत रात्र काढलेली असते.

'आंबट'च्या पुस्तिकेचं पहिलं पान मी लिहिलं. मूग यांच्या लॅडरचं ऋण, किकुमोतो यांच्या यंत्राचं ऋण, लॅडर फिल्टरचं गणित २००४ मध्ये मांडणाऱ्या अँटी ह्युओविलाइनेन यांच्या पेपरचं ऋण, आणि मुंबईच्या चरणजित सिंग यांचं. खाली स्पष्ट ओळ, की कुठल्याही कंपनीशी आमचा संबंध नाही. यातली ही शेवटची ओळ सावधगिरीची आहे. वरची चार नावं लिहायला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात व्हायवा आहे. एक्सटर्नल बहुतेक विचारतीलच, "यात तुमचं काय आहे?" उत्तर आम्ही पाठ केलंय. सर, डायोडचं वागणं निसर्गाचं, रचना जुन्या इंजिनिअर लोकांची, कोड आमचा, नाव आमचं, आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांची यादी पहिल्या पानावर आहे.